रक्त तिचे, संमतीही तिची

आष्टीकडच्या त्या ऊसतोड बाईचे नाव मी विचारलेच नाही. आम्हा दोघांच्याही किडनीत कर्करोगाची गाठ होती आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक एकच होता. उसाची मोळी आवळावी तसे ती बोलताना दोन्ही हात आवळायची.

दुष्काळाने ऊस वाळला, सहकारी कारखाना बंद राहिला, म्हणून तिथले दरवर्षीचे रक्तदान शिबिरही झाले नाही. रक्तपेढीत तिच्या गटाची एकही पिशवी नव्हती. डॉक्टर बाकापाशी येऊन तिला म्हणाले, शस्त्रक्रियेत वाहणारे तिचेच रक्त यंत्रात धुऊन, गाळून तिला परत देता येईल.

मी ताडकन उठलो. कारखान्याच्या संचालकांना आयुष्यभर नोटिसा धाडलेला माणूस मी! "कर्करोगाच्या पेशी परत अंगात गेल्या तर उत्तरदायी कोण? लेखी हमी द्या."

"गाळलेल्या रक्ताने आजार उलटण्याचा धोका वाढल्याचे आजवर आढळलेले नाही," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण हमी मात्र देणार नाही."

"काका, तुमी कावून भांडताय? रगत माजं हाय," ती हसली. "डाक्टर, म्या थांबले तर?"

"गाठ थांबणार नाही."

"मंग माजंच घाला."

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने ती व्हरांड्यातून ताठ चालत आली. "काका, दुसऱ्याचा येक थेंब लागला न्हाई! लई कागद लिवले तुमी, आता निजा टेबलावर."

पुढचे तिलाही ठाऊक नव्हते, मलाही नाही. पण 'संमती' हा शब्द असंख्य अर्जांत लिहूनही इतका खणखणीत मी कधी ऐकला नव्हता. मी दार ढकलले आणि म्हणालो, "डॉक्टर, माझेही मलाच द्या."