घाईत घासलेला बोल्ट

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत कमलाक्षी सत्तावीस वर्षं लोखंड घासत आली. मोडलेल्या वस्तूचा तुकडा पॉलिश पेपरवर पाण्याखाली घासायचा, पेपर बदलला की तुकडा काटकोनात फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पार जाईपर्यंत पुन्हा घासायचा. शेवटी आरशासारख्या तोंडावर सौम्य आम्ल फिरवलं की सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे दाणे दिसतात. मात्र मधला एखादा पेपर चुकवला, तर वरचा थर ओढला जाऊन चिरांवर पसरतो आणि दिसतं ते सगळं खोटं. कमलाक्षीच्या नमुन्यावर इंजिनिअर मंडळी डोळे झाकून सही करत. बाईला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

शिक्षण दहावी. पण देवेश नावाचा नवा इंजिनिअर आला, तेव्हा चार वर्षं कॉलेजात घोकलेलं त्याला खरं कळलं ते हिच्याकडून, चहा पिता पिता. लाटंबार्शाच्या शेतातली लावणी हिच्या अंगात मुरलेली.

"एकेक दाणो म्हणजे भाताचो कुणगो, देवेशबाब. आत रोपांच्यो ओळी. एखादी ओळ मधीच संपता, तो दोष. लोखंड वाकता तेव्हा तो दोष सरकत सरकत मेरेर येता. मेरेच्या पलीकडे ओळी वेगळ्या दिशेन. मगे खंय जातलो? थंयच अडाकता. पाठसून आणखी येतत, गर्दी होता."

कुणगो म्हणजे भाताच्या शेताचा एक तुकडा, मेर म्हणजे त्याचा बांध. दाण्यांच्या सीमेला तिनं कधी दुसरं नाव दिलं नाही.

तर झालं असं की गणेश चवथीच्या आदल्या दिवशी एक तुटलेला बोल्ट आला. एका कारखान्यात भार उचलणाऱ्या यारीचा. भार खाली आला, नशिबानं त्याखाली कोणी सापडलं नाही. फिटर होता चंदगडकडचा केरबा. मालकाचं म्हणणं, यानं बोल्ट जास्त आवळला. इकडे कमलाक्षीला गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीची फळं-पानं घ्यायला बाजार गाठायचा होता. तिनं दोन पेपर गाळले आणि अर्ध्या तासात नमुना देवेशच्या हातात ठेवला. दाणे ओढल्यासारखे दिसले. देवेशनं लिहिलं, जास्त ताणानं तुटला. केरबाला घरी बसवलं, आठवडाभरात कायमचं काढायचं ठरलं.

चवथ झाल्यावर केरबाची बायको मंजुळा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, त्यांनी सोमवारी आवळला आन् बुधवारी तुटला. जास्त आवळला असता तर तवाच तुटला नसता व्हय?"

कमलाक्षीनं हातातला पेपर खाली ठेवला. मुलामा देण्याआधी बोल्ट आम्लात बुडवतात, तेव्हा हायड्रोजन आत शिरतो. नंतर भट्टीत ठेवून तो घालवावा लागतो. तो टप्पा कोणी गाळला, तर तेच सरकणारे दोष हायड्रोजनला ओढत मेरेपाशी नेतात, मेर कमकुवत होते आणि आवळलेला बोल्ट दोन दिवसांनी आपसूक तुटतो. हे तिला पाठ होतं. आपण कोणते दोन पेपर गाळले, तेही पाठ होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गप्प बसली असती तर कोणी विचारणार नव्हतं.

तिनं मंजुळाला पाणी दिलं आणि सरळ देवेशपाशी गेली.

"तो नमुनो मी वायट घासलंय. परत करतंय."

"मावशी, रिपोर्ट गेला. आता कशाला?"

"गेलो तर दुसरो जायत."

उरलेला तुकडा घेऊन ती चार तास उभी होती. एकही पेपर चुकवला नाही, मधे चहासुद्धा नाही. मग देवेशनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. दाणे कुठेच ओढलेले नव्हते. केसासारख्या बारीक चिरा दाण्यांच्या सीमा धरून, वळणं घेत, अगदी मेरेमेरेनं गेल्या होत्या. केरबाचा काही दोष नव्हता.

देवेशनं नवा रिपोर्ट लिहायला घेतला. "'तांत्रिक कारणामुळे फेरतपासणी' म्हणतो. तुमचं नाव नको."

"लिव. पयलो नमुनो कमलाक्षीन घाईन घासलो, म्हणान चुकीचो दिसलो."

त्यानं दोनदा टाळलं. ती टेबलापासून हलली नाही. शेवटी लिहावं लागलं. सत्तावीस वर्षांत तिचं नाव रिपोर्टावर आलं ते हे एवढंच, आणि ते असं. तरी सांगतो, त्या प्रयोगशाळेतून याहून चोख कागद कधी बाहेर पडला नसेल.

केरबा कामावर परत गेला. दुसऱ्या दिवशी जोडीनं पेढे घेऊन आला आणि पाया पडायला वाकला. कमलाक्षीनं पाय मागे घेतले.

"पाया नको पडू. तुझी नोकरी माझ्याच हातान जातली होती."

"पर तुम्ही बोलला नसता, तर कुणाला कळलं असतं, बाई?"

तिचे डोळे भरून आले.

"कोणाकच नाय," ती म्हणाली. "म्हणान तर सांगूचा लागला."