सर, रोही

पावसाळा संपून गवत कमरेएवढं झालं होतं, त्या ऑक्टोबरमध्ये चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर आमचं प्रशिक्षणाचं विमान उतरताना एका रोहीला धडकलं. रोही, म्हणजे नीलगाय, जागीच मेला. शिकाऊ वैमानिक प्रणालीचं मनगट मोडलं. मला, तिच्या प्रशिक्षकाला, खरचटलंही नाही. एवढं सगळ्यांना माहीत आहे. उरलेलं मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

प्रणाली गोंडपिपरीकडची. वर्गात पहिल्यांदा बोलली तेव्हा ‘मले वाटते, सर’ म्हणाली, आणि मी तिची नक्कल केली. मुलं हसली. तीही हसली — बहुधा. मग मी नियम केला, विमानात फक्त इंग्रजी. नियम म्हणून चुकीचा नाही ना? पण तो मी तिच्यासाठीच केला होता.

त्या सकाळी विमान माझ्या हातात होतं. कसं उतरायचं ते मी दाखवत होतो. तिच्या बाजूच्या गवतात काहीतरी हललं.

“सर, रोही.”

मी ऐकलं. शब्द मला कळला, मी नागपूरचाच. इंजिनाला जोर देऊन पुन्हा वर जाण्याइतका वेळ होता. मी समोर पाहिलं नाही — तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “इंग्लिश.”

तिचे ओठ हलत होते. ती शब्द शोधत होती. मग काच फुटली.

चौकशीत तिने सांगितलं, मी बोलले होते. मी सांगितलं, ती गप्प होती. त्या छोट्या विमानात आवाज टिपणारं यंत्र नव्हतं. अनुभव माझा जास्त होता, म्हणून माझंच खरं धरलं गेलं. तिचं प्रशिक्षण थांबलं.

तिचे वडील सामान न्यायला आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “सर, माही पोरगी गप काऊन राह्यली? घरी तं तिले गप बसवा लागते.”

घाबरली असेल, असं मी म्हणालो. घाबरलेलं कोण होतं? त्यांनी मान हलवली, माझ्या हातावर मार्कंड्याच्या देवळातला प्रसाद ठेवला आणि बस पकडायला गेले. तो प्रसाद मला खाववला नाही.

आता मी वैमानिकांना माणसाच्या चुकांनी अपघात कसे होतात ते शिकवतो. थकवा, घाई, वरिष्ठांपुढे गप्प बसणं. दोन खुर्च्या शेजारी मांडतो, एकीवर प्रशिक्षक, दुसरीवर शिकाऊ. जुना अपघात आधी घडला तसा करून दाखवायचा, मग नीट — धोका दिसला की बोला, ऐकलं नाही तर पुन्हा बोला. जुना अपघात प्रणालीचा असतो. त्यात ती गप्प असते. मी ‘जनावर’ म्हणतो. रोही हा शब्द वर्गात उच्चारायची मला भीती वाटते. दर तुकडीत वाटतं — कोणीतरी ओळखेल, आज ओळखेल.

या सोमवारी चंद्रपूरजवळच्या मूल गावची एक मुलगी शिकाऊच्या खुर्चीत बसली. समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, “सर, रोही.”

तिला कोणी सांगितलं? कोणीच नाही. इकडचं कोणीही हेच म्हणेल.

मी तिला थांबवलं. म्हटलं, इथे तू गप्प राहायचं आहेस.

“पण दिसला तं माणूस बोलनच ना, सर?”

वर्ग हसला. मी प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून करायला लावला.

दुसऱ्या वेळी ती गप्प बसली.