दिव्याच्या वाट्याचं उरुग्वे

चिंचवडच्या कॉलेजसमोरून गाडी जाते तेव्हा दिव्याची मान अजूनही आपोआप वळते. गेट बदललंय, वडापावच्या गाडीच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय, तिच्या वर्गाच्या खिडक्यांना काळ्या काचा बसल्यात. आज ती चाकणच्या एका कंपनीचा निर्यात विभाग सांभाळते, रावेतला घर आहे, नवरा भला आहे. पण जिवाला खरी मजा कधी होती असं विचाराल, तर ती त्या तीन वर्षांकडेच बोट दाखवेल.

बी.बी.ए., इंटरनॅशनल बिझनेस. काळेवाडीच्या त्यांच्या गल्लीत हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. "म्हणजे पोरगी नेमकं होणार काय?" असं शेजारणी विचारत, आणि आई, सुमनताई, "मोठ्ठी सायेब" एवढं सांगून मोकळी होई. वडील दौलतराव मूळचे लातूरकडचे. सातवीत शाळा सुटली, मग गाव सुटलं आणि भोसरीच्या कारखान्यात प्रेसवर उभे राहिले ते थेट रिटायर होईपर्यंत. माणूस इतका अबोल, की घरात आहे का शिफ्टला गेलाय हे दारातल्या चपलांवरून ओळखावं. दिव्याही बापाच्याच वळणावर गेलेली. दोघांना एका खोलीत बसवलं तर पंख्याचाच काय तो आवाज.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात अनंत सरांनी टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या. "एकेक देश उचला. तीन वर्षं त्याच्याशी संसार करायचा. त्याचं बंदर, पीकपाणी, सणवार सगळं घरच्यासारखं माहीत पाहिजे. आणि काडीमोड मिळणार नाही!" मैत्रीण ओवीला जपान लागला, ती बाकावर उड्याच मारायला लागली. दिव्याला आला उरुग्वे. तो आफ्रिकेत असेल असं समजून ती दोन दिवस भलताच नकाशा धुंडाळत बसली होती.

घरी ताटावर बसून तिनं रडवेल्या तोंडानं हे सांगितलं. दौलतरावांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "काय हाय तिथं?"

"गायी," दिव्या फणकाऱ्यानं म्हणाली. "माणसांच्या तिप्पट गायी. दुसरं काही नाही."

दौलतरावांचा घास हातातच राहिला. दावणीची गाय मागं सोडून शहरात आलेला माणूस तो. "तिप्पट?" ते म्हणाले. "अगं माय, मग गोकुळच की ते!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून जेवताना प्रश्न ठरलेला. "काय म्हणायलंय तुझं उरुग्वे?" बापाला सांगायला काहीतरी हवं म्हणून ती लायब्ररीत वाचत बसायला लागली. तिथले लोक काखेत थर्मास मारून रस्त्यानं फिरतात आणि दिवसभर कसलासा कडू काढा पितात, हे ऐकून दौलतराव ठसका लागेपर्यंत हसले. सुमनताई वाढता वाढता थबकल्या. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याला असं हसताना त्यांनी बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच पाहिलं होतं. हळूहळू उरुग्वेवरून गाडी ओवीच्या जपानवर, अनंत सरांवर, परीक्षेवर जाऊ लागली. मुक्या घराला तोंड फुटलं.

दुसऱ्या वर्षी निर्यातीचे आकडे काढताना दिव्याला कळलं, की त्या गायी बहुतेक दुधासाठी नसतातच. मांसासाठी असतात. वर्गात तिनं ते सरळ फळ्यावर लिहिलं. घरी मात्र जीभ रेटेना. एवढ्या हौसेनं मांडलेलं बापाचं गोकुळ आपल्या तोंडानं कसं मोडायचं? तिनं ते गिळलं आणि गिळलेलंच ठेवलं.

आणि गेल्या हिवाळ्यात खरंच तिथला माणूस आला. कंपनीकडून ट्रॅक्टरचे सुटे भाग घेणारा, मार्तिन नावाचा. दिव्या फोनवर बोलताना आईजवळ बोलून गेली आणि मागून दौलतरावांचा आवाज आला, "त्याला घरी आण जेवायला."

"पप्पा, ते तिखट खात नाहीत."

"तुझी आई गोड करंल."

बाप काय विचारणार हे दिव्याला पक्कं ठाऊक होतं. पण नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

दौलतरावांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. काळेवाडीच्या त्या दोन खोल्यांत मार्तिन मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून बसला, दोनदा मागून शिरा खाल्ला, सुमनताईंना हात जोडले. आणि मग दौलतराव पुढं सरकले. "इचार त्यांना. एवढ्या गाईंची धार काढतं कोण?"

खोलीत दोन्हीकडची भाषा येणारी एकटी दिव्याच. तिनं इंग्रजीत मार्तिनला तिकडच्या पावसापाण्याचं विचारलं. तो भरभरून बोलला. दिव्या बापाकडं वळली. "मशीनं आहेत म्हणतात, पप्पा. मोठमोठी."

दौलतरावांनी मान डोलावली. "असंल, असंल."

मार्तिनला गाडीत बसवून दिव्या परत आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. "ते मशीनचं तू पदरचं सांगितलंस न्हवं?"

दिव्याचा चेहरा उतरला.

"ती जनावरं खाटकाची हायत. आमच्या कारखान्यातल्या ज्योतीरामनं सांगितलं व्हतं मला क्यांटीनमधी. तू दुसऱ्या वर्षाला असशील."

"तेव्हापासून माहीत होतं? मग रोज काय म्हणून विचारत होतात, पप्पा? आणि आज तरी कशाला विचारलंत?"

दौलतरावांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं. बोलायला त्यांना वेळच लागायचा. "तुझं शिक्षण एवढं मोठं. सातवी शिकलेल्या बापानं त्यातलं काय इचारावं? मला येत व्हतं ते एवढंच. आन् न इचारता तू कवा बोललीस गं माझ्याशी? लगीन झाल्यापासून तर तुझा फोनबी आईलाच असतो."

दिव्याला भडभडून आलं. इतकी वर्षं आपणच बापाला सांभाळून घेतोय, अशा तोऱ्यात ती वावरली होती. तिनं डोळे पुसले, पर्स कोपऱ्यात टाकली, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि कुणी काही विचारायच्या आत, आज कंपनीत सकाळपासून काय काय झालं ते सांगायला लागली.