कॅरॅव्हॅनखालचे ठोकळे

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आधी उठून चहा सांगायला जातो. माझं उभं आयुष्य पाने-हातोड्यात गेलं... जे मोजता येत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. तरी लिहितो, कारण ऋण आहे.

साल १९८४, मार्च महिना. वालीवला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो, राहायला विरारला. बायको सुलभाचे दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. बोळिंजचे भास्करभाऊ म्हणजे केळी-पानवेलीचे बागायतदार. त्यांनी मुंबईहून एक जुनी कॅरॅव्हॅन आणली होती – जीपमागे ओढायची दोन चाकांची खोलीच म्हणा ना. म्हाताऱ्या आईला बस सोसत नव्हती, तिला आडवं करून त्र्यंबकला न्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट. पण वाडीत येईपर्यंत एक चाक बसलं आणि वरच्या स्प्रिंगचा बोल्टही ढिला झाला.

दुरुस्तीला बोलावलं म्हणून मी गेलो, तर भाऊ जीपचा जॅक घेऊन तयार.

“हा नाही चालायचा, भाऊ. चाक बसल्यावर हा अॅक्सलखाली शिरणारच नाही. आधी वजन बघायचं, मग खालची जागा, मग जॅक.”

“तू म्हनशील तसा,” भाऊ म्हणाले आणि पंपाकडे गेले.

मी बुटका बाटली जॅक आणला होता. त्याच्या बुडाला रुंद फळी दिली. दुसऱ्या चाकाला पुढेमागे दगड लावले, कॅरॅव्हॅनचा ओढायचा दांडा जीपला अडकवलेला ठेवला. जॅकही अॅक्सलखालीच, पत्र्याखाली नाही. सगळं कसं शिस्तीत! फक्त टेकू द्यायचे ठोकळे वालीवला बाकाखाली राहिले होते. दोन मिनिटांचं तर काम, म्हटलं, आणि शिरलो खाली. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, हे मीच नवख्यांना ओरडून सांगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्यात सकाळीच पाटाला पाणी सोडलेलं. वर केळीच्या सुक्या पानांचा थर, म्हणून जमीन कोरडी वाटली. खाली माती पाणी पिऊन बसली होती.

बोल्टाला पाना लागला आणि फळी एका अंगाला खचली. जॅक आडवा झाला, कॅरॅव्हॅन कुरकुरत खाली आली. मला देव आठवला नाही, सुलभा आठवली. डोळे मिटले.

काहीच झालं नाही...

डोळे उघडले तर चासीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचं लोखंड छातीपासून वीतभर वर थांबलेलं. माझ्या दोन्ही अंगांना ठोकळ्यांच्या चौक्या – दोन उभे, त्यावर दोन आडवे – आम्ही फिटर लावतो तशाच, बरोबर चासीखाली. मी सरपटत बाहेर आलो. आवाज ऐकून भाऊ धावत आले होते.

“ठोकळे तुम्ही लावलेत?”

“कंचे ठोकळे? मी त तटे पंपावर होतो.” त्यांनी वाकून ठोकळ्यांना हात लावून पाहिला. “वाडीत कोन आलाच नय रे बाबा.”

मित्र म्हणतात, तूच लावलेस, धक्क्याने विसरलास. मीही तेच धरून चाललो असतो. पण संध्याकाळी वालीवला जाऊन पाहिलं, माझे ठोकळे बाकाखाली जागच्या जागी. शिवाय वाडीत नारळ, सुपारी, केळी. हे लाकूड बाभळीचं, कडा वापरून गोल झालेल्या, त्यावर ग्रीसचे जुने डाग. कोणा कष्टकऱ्याच्या हातचे. कोणाच्या, ते आजतागायत कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

घरी सुलभाला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पोट सावरत उठली.

“हात कोणाला जोडू?”

“माहीत नाही गं.”

“मग सगळ्यांनाच जोडते,” म्हणाली आणि दाराबाहेरच्या ओट्यावर उभी राहून तिने चारी दिशांना नमस्कार केला. मीही शेजारी उभा राहून केला. मला रडू आवरलं नाही, हेही सांगून टाकतो.

आठवड्याने मुलगी झाली, आणि तिला हातात घ्यायला मी होतो.

अजूनही रस्त्यात कोणी नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरलेला दिसला की मी थांबतो. आसपास लाकूड, दगड मिळेल तो टेकू सरकवतो आणि निघतो. नाव सांगत नाही. मला तरी कोणी सांगितलं होतं?