अर्धी लाल, अर्धी हिरवी

२२ जानेवारी, गुरुवार. दादांचा खण रिकामा करायचं काम माझ्यावर आलं. भिवंडीतल्या आमच्या लूमच्या कारखान्यात दादा कापड तपासायचे, मी हिशेब बघते. खणात निघालं काय, तर बोथट कात्र्या, आवळासुपारी आणि एक कंगवा. टक्कल पडलेल्या माणसाला कंगवा कशाला, हे विचारायचं राहून गेलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दादा हाताला येईल ती वस्तू ट्यूबलाइटसमोर धरायचे. ताग्याचं ठीक आहे, त्यात तुटका धागा दिसतो. पण हा माणूस माझ्या डब्यातली पोळीही धरायचा.

"बाई, मधी पातळ हाय."

"मग परत द्या."

ती मात्र कधी परत आली नाही.

जन्मभर बिनरंगाचं कापड बघून असेल, दादांना एकदा रंग बघायचा होता. केळव्याच्या किनाऱ्यावर बदामाची झाडं आहेत. थंडी सरता सरता त्यांची पानं लालभडक होतात आणि गळतात. ती दाखवायला वहिनींना नेणार, हे त्यांनी लग्न झाल्या झाल्या कबूल केलेलं. त्यासाठी दर जानेवारीत किनाऱ्यावरच्या चहावाल्याला फोन.

"झाली काय लाल?"

"अर्धी झाली, दादा. या."

"अर्धी? मंग न्हाय."

पुढच्या फोनपर्यंत पानं गळून गेलेली.

"दादा, झाड आहे ते," मी एकदा वैतागून म्हटलं. "सगळं एकसारखं रंगून नाही मिळणार."

"येवढं भाडं घालून अर्धवट माल कोन बघनार, बाई?"

गेल्या डिसेंबरात दादा वारले. एरवी सगळ्यासाठी थांबणारा माणूस, इथं मात्र महिनाभर थांबला नाही.

संध्याकाळी वहिनी खारबावहून सामान न्यायला आल्या. कंगवा बघून हसल्या. "भुवयांना लावायचे."

"केळव्याला गेलात का हो कधी?"

"कुठं! त्यांची पानं पिकलीच न्हाय."

"उद्या शुक्रवार, लूम बंद. सकाळी स्टेशनवर उभ्या राहा."

"उद्या? आन घर?"

"घर कुठं पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिवंडीला गाडी पकडली, खारबावला वहिनींना चढवलं, वसईला गाडी बदलली. किनाऱ्यावर झाडं अर्धी लाल, अर्धी हिरवी. छान दिसत होती. मी वर बघत उभी, आणि शेजारी बघते तर वहिनी नाहीत. चपला वाळूत टाकून बाई थेट पाण्याकडे.

"वहिनी, पानं इकडं आहेत!"

"ती त्यांना बघायची व्हती. माझा जन्म खाडीच्या चिखलात गेला. मला समुद्रात उभं ऱ्हायचं व्हतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! म्हनले, एका भाड्यात दोन्ही करू."

तेवढ्यात लाट आली. वहिनींनी दादांना एक सणसणीत शिवी हासडली आणि माझा हात घट्ट धरला.