थोरल्या जाऊच्या बांधीतले सारस

माझ्या थोरल्या जाऊचा मला हेवा वाटतो. ती दिसायला उजवी आहे म्हणून नव्हे, तिच्या सुना गुणाच्या निघाल्या म्हणूनही नव्हे. सारस तिच्या बांधीत बसतात म्हणून. वाचणाऱ्याला हसू येईल, पण पोटात दुखायला कारण मोठंच लागतं असं कुठं आहे?

भावाभावांच्या वाटणीत वरची धानाची बांधी, म्हणजे खाचर, आम्हाला आली आणि खालची त्यांना. मध्ये बांध म्हणून एक मातीचा धुरा. त्यानंतर लागोपाठ तीन पावसाळे सारसाची जोडी आमच्याच बांधीत उतरली. जवळपास माणसाएवढे उंच पक्षी, राखाडी अंगाचे, लाल मानेचे. रोवलेला धान उपटून ते पाण्यात त्याचा ढीग रचायचे आणि वर दोन अंडी घालायचे. एवढ्या जागेतलं पीक गेलं म्हणून पहिल्या वर्षी नवरा कुरकुरला, तर मीच त्याला गप्प केलं. मी साकोलीला शाळेत शिकवते. तिथं मी सारसवाल्या बाई झाले होते. मोबाइलमध्ये दुसरे फोटोच नव्हते. वर्गात सांगताना मी बिनदिक्कत 'आमचे सारस' म्हणायचे, जसे काही ते मला माहेरून आंदण मिळाले होते.

चौथ्या वर्षी ते आले, आमच्या बांधीवर दोन घिरट्या घातल्या आणि धुऱ्यापलीकडे उतरले. चुकून उतरले असतील, येतील इकडे, असं मनाशी म्हणत मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी घरट्याचा ढीग दिसायला लागला. जाऊच्या बांधीच्या अगदी मधोमध.

"तुमच्याकडं आले यंदा," मी तिला म्हटलं. आवाज शक्य तेवढा गोड ठेवला.

"मी का चिठ्ठी धाडली होती त्यायले?" ती हसली. "पाणी बरं दिसलं असन, बसले."

एवढंच. ना कौतुक, ना फोटो. निंदण करता करता ती घरट्यापासून दहा पावलांवर जायची आणि अंड्यांवरचा पक्षी तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. ती त्याच्याशी बोलायची, तेही लाडानं नव्हे, घरातल्या आगाऊ पोरावर खेकसावं तसं. "इकडचा धान नोको उपटू बापा, तिकडून घे."

आणि मी? मी धुऱ्यावर पाय ठेवला की दोघांच्या माना ताठ. आणखी चार पावलं टाकली की दोघं मिळून असे ओरडायचे की साऱ्या शिवाराला कळावं, मास्तरीण आली. तीन वर्षं मी त्यांना जपलं, पोरांना एक दगड भिरकावू दिला नाही, कुत्री हाकलली. ओळख मात्र तिची! आमचा धान बघायच्या निमित्तानं मी रोज संध्याकाळी धुऱ्यावर जायचेच. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. धानाकडे बघत होतं कोण?

मग एक दिवस वनखात्याची माणसं आली. त्यांनी जाऊला बांधीत उभं केलं, मागं घरटं येईल असा फोटो काढला. मी पुढं होऊन अंडी कधी घातली, पाळीपाळीनं कोण कसं बसतं, सगळं सांगायला लागले. त्यातला एक नम्रपणे म्हणाला, "ताई, तुम्ही जरा मागं व्हा. पक्षी बिचकतात." मी मागं झाले. नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच.

त्याच आठवड्यात झड लागली. तीन दिवस पावसानं डोळा उघडला नाही आणि आमची बांधी तुडुंब भरली. रविवारची दुपार होती, नवरा कामानं अड्याळला गेलेला. पाणी काढायला दोन वाटा होत्या. एक नाल्याकडे, पण तिकडचा धुरा जाड आणि त्यावर झुडपं माजलेली. दुसरी खाली, जाऊच्या बांधीत. तिथं दहा-बारा फावडी माती ओढली की झालं. आमच्या शिवारात रीत आहे. वरच्यानं धुरा फोडायचा तर खालच्याला आधी हाक द्यायची, म्हणजे तो आपल्या बांधीतलं पाणी पुढं काढून जागा करून ठेवतो. एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा ही हाक चुकवत नाहीत.

मी हाक दिली नाही.

फावडं मारताना मनात काय होतं ते खरं सांगते. अंडी बुडावीत असं नव्हतं. घरटं मोडावं आणि जोडीनं उठून आमच्याकडे यावं, इतकंच होतं. जशा काही या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. जोडीतला एक अंड्यांवर बसला होता, दुसरा जवळच उभा होता. मी फावडं चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच जाग आली. शाळेच्या आधी, उजाडता उजाडता मी शेत गाठलं. जाऊ माझ्याआधी आलेली होती. लुगड्याचा ओचा खोचून मांडीभर पाण्यात उभी होती आणि स्वतःच्या हातानं आपला धान उपटत होती. चांगला फुटवे धरलेला, हिरवागार धान. उपटायची, मूठ बांधायची आणि घरट्याच्या कडेला टाकायची. पक्षी चोचीनं ती मूठ ओढून ढिगात खुपसत होता. बाई उपटते आहे आणि पक्षी रचतो आहे. ढिगावर एकच अंडं होतं. दुसरं धुऱ्याच्या बाजूला, माझ्या पायाशी, धानाच्या ताटांत अडकून तरंगत होतं.

मी मदतीला म्हणून पाण्यात पाय घातला. तशी अंड्यावरची मादी ताडकन उठली आणि अंडं पावसात उघडं पडलं. मी पाय काढून घेतला.

"धुरा बुजव आधी," जाऊ मागं न बघता म्हणाली.

मी दोन्ही हातांनी चिखल ओढून भगदाड बुजवलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कसा फुटला?"

"खेकड्यानं पोखरला असन," मी म्हणाले. धुरे फोडायचं काम खेकडेच करतात, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

"असन," ती म्हणाली आणि पुढची मूठ उपटली.

एक अंडं वाचलं. त्यातून पिल्लू निघालं. गावभर झालं की खेकड्यानं घात केला होता, पण मास्तरणीनं भरपावसात धुरा बुजवला म्हणून एक तरी जगलं. हे सांगत कोण होतं? जाऊच. शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी डबा मी तसाच घरी परत आणला.

धान कापणीला आला तेव्हा मी तिच्या बांधीत गेले. ती विळा चालवत होती. पलीकडच्या कापलेल्या बांधीत सारसाची जोडी आणि पिल्लू, तिघं दाणे टिपत होते.

"बाई," मी म्हटलं, "खेकडा नव्हता. धुरा मी फोडला होता. मुद्दाम. हाक नाई दिली."

विळा थांबला नाही. "फावड्याचा घाव मले समजत नाई का? सपाट कापलेला होता."

"मंग बोलल्या काहून नाई? चारचौघांत माझंच नाव चांगलं केलं."

"घरातली गोष्ट गावात कायले?"

"मले माफ करा, बाई."

आता तिनं विळा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

"मी का माफ करू तुले? मी तं घरी होती त्या दुपारी. पाहत तं ते दोघं होते."

तिनं परत विळा उचलला. मला मात्र त्या दोघांकडे मान वळवून बघायचा धीर झाला नाही.