ओटीच्या आधीचा शब्द

प्रिय मुक्ता आणि अनिकेत,

मुक्ताने गेल्या पत्रासोबत तिच्या विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या प्रसूती विभागाचे बातमीपत्र पाठवले. मी ते सबंध वाचले. इंग्रजी अजून विसरलेली नाही. त्यात एक बातमी होती. बाळंतपणासाठी नाव घालायला आलेल्या बाईला आता तिथे ती धडधाकट असतानाच विचारून ठेवतात, की वेळ अवघड आली तर काय करायचे. म्हणजे ऐन वेळी कोणाच्या होकारासाठी थांबावे लागत नाही. खाली मुक्ताने पेनाने लिहिले होते, "आजी, आमच्याकडची ही नवी पद्धत." मुक्ता, तुझ्या विभागाचे मला कौतुकच वाटले. पण ही पद्धत मी खामगावात पाहिलेली आहे, वऱ्हाड प्रांत मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हा. जिने ती सुरू केली तिचे नाव कुठेही छापलेले नाही, आणि तिला पाहिलेली माणसे आता फार उरली नाहीत. म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

आम्ही सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत असू. त्यांना हळू आवाजात बोलताच येत नसे. खामगावच्या बायकांच्या दवाखान्यात त्या बोलू लागल्या की रस्त्याने सरकीची बंडी हाकणाऱ्यालाही कोणाच्या सुनेला कितवा महिना आहे ते कळे. त्या काळी बाळंतपण हा कुजबुजायचा विषय होता. घरात कोणी गरोदर असली तर "तिला बरं नाही" एवढेच म्हणत, आणि पुरुषमाणूस आले की तेही बोलणे थांबे. माझे वडील वकील होते. डॉक्टरीणबाई थेट त्यांच्या बैठकीत येऊन अशिलांच्या देखत विचारत, "काय वकीलसाहेब, घरात पोटुशी बाई हाये, तिले दूध भेटते का? का सारं दूध या लोकायच्या चहात जाते?" वडील कागदात तोंड घालत. अशील चहाची कपबशी हळूच खाली ठेवत.

त्या मोताळ्याकडच्या एका कास्तकाराची मुलगी. नागपूरला डॉक्टरकी शिकून आल्या, पण बोली घरचीच राहिली. कोर्टात नव्याने आलेल्या एका पुणेकर मुन्सफाच्या बायकोने त्यांना एकदा म्हटले, "तुम्ही इतक्या शिकलेल्या, मग असं गावंढळ का हो बोलता?" डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. त्या म्हणाल्या, "इथं कळा वऱ्हाडीतच येतात, बाई." पुढे त्या मुन्सफीणबाईंचे बाळंतपण त्यांनीच केले, आणि ऐन वेळी त्या "माय व माय" करत होत्या असे सगळ्या गावाला सांगितले.

बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "माहेरचं नाव काय तुहं?" आमच्यात लग्नात मुलीचे नाव बदलत. सासरच्या नावाने हाक मारली की मुलगी पदर सावरून बसते, आणि कण्हणेसुद्धा दाबून कण्हते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून एरवी कोणी घेत नसे ते जुने नाव त्या घेत, तेही एकेरीत. बाहेर बसलेल्या सासूला ते मुळीच आवडत नसे.

माझी थोरली बहीण सुमती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा मी मराठी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. तिचे सासरे बुलढाण्याला कचेरीत नाझर होते, आणि नवरा नागपूरला कायद्याच्या वर्गात शिकत होता. एके दिवशी पहाटे ताईला कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई आल्या. तिला तपासून त्या बैठकीत गेल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "पोर आडवं हाये. माह्यानं निघणार नाही. अकोल्याले न्या, तिथं पोट उघडून काढतात. दुपारच्या गाडीनं जलंबले जाऊ अन् तिथून मोठ्या गाडीनं पुढं. मी येते संगं."

वडिलांनी खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, "मुलगी आता त्यांची आहे, बाई. तिच्या पोटाला सुरी लावायची, तर व्याह्यांना विचारल्याशिवाय मी हो कसं म्हणू?"

माझे वडील कठोर नव्हते. ताईवर त्यांचा माझ्यापेक्षाही जास्त जीव होता. पण आमच्या आळीतल्या कोणत्याही बापाने त्या दिवशी हेच केले असते. पहिल्या बाळंतपणाचा डिंक, तूप, पाळणा सगळे माहेरने करायचे. तिच्या जिवाचा निर्णय मात्र सासरचा. बुलढाण्याला तार गेली. उत्तर आले की नाझरसाहेब साहेबांबरोबर मेहकरकडे दौऱ्यावर आहेत. नागपूरला जावयांना तार गेली. त्यांचे उत्तर आले, "बाबांना विचारा." मग एका माणसाला सर्व्हिस मोटारीने मेहकरला धाडले.

दुपारच्या गाडीची शिटी आमच्या घरात ऐकू येत असे. ती वाजली तेव्हा डॉक्टरीणबाई ओसरीवर आल्या. "वकीलसाहेब, गाडी गेली."

"सकाळची आहे ना?" वडील म्हणाले.

"तिच्यापाशी सकाळ नाही."

त्या आत गेल्या. त्यानंतर मला दारातून त्यांचाच आवाज ऐकू येत होता. "सुमे, ए सुमे, माह्याकडं पाह्य. इकडं पाह्य व." दिवेलागणीच्या सुमारास तो आवाज थांबला. ताई गेली, आणि मूलही गेले.

मेहकरला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परतला. घरात काय झाले ते त्याला ठाऊक नव्हते. धुळीने भरलेला, धापा टाकत तो पायरीवरूनच म्हणाला, "नाझरसाहेब म्हणाले, आत्ताच्या आत्ता न्या, मले इचारत काय बसले?" वडील भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना तसे बसलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर बरेच दिवस दवाखान्यातून बाईंचा आवाज आला नाही. नर्सला वाटले, घसा बसला असेल. मग खामगावातल्या एका कापसाच्या जिनिंग गिरणीवाल्या शेठजींकडे सुनेच्या डोहाळजेवणाचा थाट होता, तिथे डॉक्टरीणबाई न बोलावता गेल्या. माझी आई तिथेच होती, तिने हे सांगितले. आत बायका डोहाळ्याची गाणी म्हणत होत्या. बाई त्यांच्यात न बसता पुरुषांच्या बैठकीत गेल्या. व्याही-व्याही लोडाला टेकून बसले होते. बाईंनी विचारले, "शेठजी, सुनेचं अडलं तर मी कोणाले इचारू?"

शेठजी चपापले. "चांगल्या कामात असं अभद्र काऊन बोलता, बाई?"

"तुमी जिनाचा आगीचा विमा काढला का नाही?"

"काढला."

"जिन जळो म्हणून काढला का?"

सगळी बैठक हसली; शेठजींनाही हसावे लागले. बाईंनी त्यांच्याकडून सर्वांच्या देखत शब्द घेतला: सुनेची वेळ अवघड आली तर डॉक्टरीणबाई म्हणतील तिथे तिला न्यायचे, आणि सासरच्या होकारासाठी क्षणभरही थांबायचे नाही. तो शब्द मिळाल्यावरच त्या आत येऊन बायकांना म्हणाल्या, "हं, आता भरा ओटी."

तेव्हापासून त्यांनी हेच धरले. डोहाळजेवणाला दोन्ही घरे एकत्र बसतात, चार माणसांसमोर दिलेला शब्द सहसा कोणी फिरवत नाही, हे त्यांनी हेरले होते. सगळीकडे शेठजींसारखी माणसे भेटली असे समजू नका. कितीतरी घरांनी डोहाळजेवणाचा दिवस त्यांच्यापासून लपवला. बायका त्यांना काळ्या जिभेची म्हणू लागल्या. एका घरी तर त्यांच्या तोंडावर दार लावले. तेव्हा त्या ओट्यावर बसून राहिल्या, आणि घरधनी बाहेर पडला तसे त्याला रस्त्यात गाठून विचारले. माझ्या वडिलांकडे त्या पुन्हा पूर्वीसारख्या येऊ लागल्या, पण दुधाची थट्टा कधी केली नाही.

पुढे मी नागपूरला इंटरपर्यंत शिकले आणि लग्न होऊन मलकापूरला गेले. माझे सासरे तिथे हेडमास्तर होते. माझ्या सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला डॉक्टरीणबाई आगगाडीने आल्या. सासऱ्यांनी शब्द लगेच दिला; वडिलांनी त्यांना ताईचे सगळे सांगितले होते. मला वाटले, झाले. पण बाई माझ्याकडे वळल्या. "अन् तू? तुहं काय म्हणनं हाये?"

मी मान हलवली. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची पद्धत नव्हती.

"मान काय हालवते? कालेजात गेली होती ना? तोंडानं बोल."

मी "हो" म्हटले. सासऱ्यांच्या देखत मोठ्याने उच्चारलेला तो माझा पहिला शब्द. सासूबाईंची नजर जमिनीला खिळली होती. सासरे मात्र म्हणाले, "तिलाच आधी विचारायला हवं होतं."

माझेही मूल आडवे होते. बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते; खामगावाहून मला अकोल्याला नेले तेव्हा कोणी तार केली नाही, कोणी कोणाची वाट पाहिली नाही. गाडीत सबंध वेळ बाईंनी माझा हात धरला होता आणि शेजारच्या डब्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या मला माझ्या माहेरच्या नावाने रागावत होत्या. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात माझे पोट उघडून मूल काढले. ते मूल म्हणजे तुमचा बाबा.

नोकरी संपल्यावर डॉक्टरीणबाई मोताळ्याकडे भावाच्या गावी जाऊन राहिल्या. त्या अंथरुणाला खिळल्याचे कळले तेव्हा मी तुमच्या बाबाला घेऊन गेले. कापूस वेचणीचे दिवस होते. घरातली सगळी शेतावर गेली होती, आणि त्या पडवीत बाजेवर एकट्या होत्या. आवाज जवळ बसल्याशिवाय ऐकू येत नव्हता. बाबाकडे बघून म्हणाल्या, "हाच का तो आडवा? आता तरी सीधा चालते का?" मी हसले. मग त्या एकदम ताईबद्दल बोलू लागल्या.

"तुह्या बापाचं काही नाही व. त्याले रीत मोडता येत नव्हती. मले येत होती. मी तिले बंडीत घालून ठेसनावर नेली असती, तर कोण आडवं आलं असतं? पण मी बी होकाराचीच वाट पाहत राह्यली."

मी म्हटले, "बाई, तुम्ही एकट्या काय करणार होता?"

"समजावू नको मले. लोकायच्या सुना नेल्या, तिले नाही नेलं. तू निसती बस इथं."

मी बसून राहिले. शेतावरची माणसे परतेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. आम्हाला कळायला उशीर झाला.

त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांचा फोटो माझ्याकडे नाही, आणि कोणाकडे असल्याचे ऐकलेले नाही. जुना दवाखाना पाडून तिथे आता दुकाने झाली आहेत. खामगावच्या आणि मलकापूरच्या आमच्या दोन्ही घरांत मात्र ओटी भरण्याआधी वडीलधारा माणूस सर्वांसमोर शब्द देतो आणि सून स्वतः तोंडाने हो म्हणते. ही रीत कोणी पाडली ते नव्या मुलींना ठाऊक नाही. गेल्या महिन्यात मलकापूरला धाकट्या नातसुनेची ओटी भरली. तिनेही हो म्हटले, मग ओटी भरली.

तुमची,
आजी